मऊ काडतूस

दार आपटलं तरी दचकणारी ती बाई. कुकरची शिट्टी आता होणार हे समोर दिसत असूनही दर शिट्टीला तिचा हात छातीवर जायचा. अशी बाई एका दुपारी एकटीच, घरात पत्ता लागू न देता, बंदुकीची काडतुसं निवडायला निघाली. ऐकणाऱ्याला वाटेल, काहीतरी फेकताय. पण लग्नाला तीन तपं उलटून गेलेली बाई कधी काय करील याचा नेम नसतो, आणि हिचा तर कधीच नव्हता.

तिला सगळे शिवणवाली म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, तुटलेली चेन बसवणं, असली कामं. नवीन कपडा ती शिवायची नाही. नवीन कुणीही शिवतो, जुनं सावरणं अवघड, असं तिचं म्हणणं. माणूस दारातून आत येतानाच त्याचा कुठला खांदा उतरलाय हे तिच्या लक्षात यायचं, आणि ती ते तोंडावर सांगून मोकळीही व्हायची. त्यामुळे काही गिऱ्हाइकं पुन्हा फिरकली नाहीत.

तिचा नवरा काचवाला. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या काचा कापून बसवणं हा त्याचा धंदा. सोमवार ते शनिवार हा माणूस श्वास रोखून जगायचा. काच उचलताना, जिन्यावरून चढवताना, चौकटीत टेकवताना, सगळं जपून. घरातसुद्धा पेला ठेवताना आवाज व्हायचा नाही. आणि रविवार उजाडला की हाच माणूस बंदूक घेऊन वस्तीच्या टोकाच्या मैदानावर जायचा आणि मातीच्या बशा फोडायचा. यंत्रातून बशी हवेत सुटायची, ती खाली यायच्या आत छर्ऱ्यांनी उडवायची, एवढाच तो खेळ. "आठवडाभर काही फुटू नये म्हणून मरतो, एक दिवस तरी फोडू दे," असं तो म्हणायचा, आणि त्यात काही चूक नव्हतं.

शिवणवाली त्या मैदानावर कधी गेली नव्हती. आवाजाचं निमित्त होतंच. पण तिला तिच्या वाट्याचा रविवार घरबसल्या मिळायचा. एरवी हा नवरा मोजून मापून बोलणारा. जेवताना दोन वाक्यं बोलला तर त्या दिवशी तब्येत बघावी लागे. पण रविवारी संध्याकाळी तो मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचा आणि एकेका बशीची हकिकत सांगायचा. ही डावीकडून आली, ती वाऱ्याने उचलली, तिसरीला मी घाई केली. ती पायपट्टी चालवता चालवता अर्ध्या कानाने ऐकायची, मधूनच "मग?" म्हणायची. बशांमध्ये तिला काडीचा रस नव्हता. त्याच्या आवाजात होता.

मग ती दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच आली. काचवाला आणि त्याचा भाचा ती जिन्यावरून चढवत होते आणि काचवाल्याचा पाय घसरला. दुसऱ्या कुणीही काच सोडली असती. याने सोडली नाही. काच वाचली, उजवा खांदा गेला. आतला स्नायू हाडापासून सुटला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो पुन्हा हाडाला शिवला आणि शिवणवालीला बाजूला घेऊन समजावू लागले, तेव्हा त्यांचं अर्धं बोलणं व्हायच्या आतच ती म्हणाली, "कळलं. जुनं कापड आहे. ओढ पडली की टाका राहतो आणि शेजारी फाटतं." डॉक्टर म्हणाले, अगदी तेच.

पुढचे कित्येक महिने तिने त्या खांद्याची कोटासारखी काळजी घेतली. सकाळी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि बोटं भिंतीवरून वर चालवायचा. जिथे थांबेल तिथे ती कपड्यावर खुणा करायच्या खडूने रेघ ओढायची. रेघा वर वर सरकत गेल्या. मोठ्या काचा त्याने भाच्याकडे सोपवल्या आणि लहानसहान कापण्याचं काम स्वतःकडे ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता हरकत नाही. बंदूकही धरा हवं तर. पण काडतुसं हलकी घ्या. धक्का जेवढा कमी तेवढं बरं."

शिवणवालीला वाटलं, सुटलो. पण रविवार आला, खाली बेकरीवाल्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, आणि काचवाला खिडकीतून म्हणाला, आज वारा फार आहे. बेकरीवाला त्याचा जुना जोडीदार, दोघं इतकी वर्षं एकाच स्कूटरवरून जात. तो वर आकाशाकडे बघून एकटाच गेला. पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी चष्म्याचा नंबर बदललेला होता. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. संध्याकाळी स्टूल रिकामं राहायचं आणि तो आतल्या खोलीत पडून असायचा. घरात नुसतं मशीन बोलायचं.

याचं कारण तिने तिच्या पद्धतीने शोधून काढलं. ती मैदानावर गेली नसली तरी तिथल्या सगळ्या गोष्टी तिच्या कानांवरून गेलेल्या होत्या. काचवाल्याचं टोळकं वापरायचं ती जड काडतुसं. हलकी काडतुसं घेणाऱ्याची ते थट्टा करत. अशा काडतुसांना ते 'पाळण्यातली' म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द काचवाल्याने. तिने ताडलं, इथेच घोडं अडलंय. दुसऱ्याला ठेवलेलं नाव आता स्वतःच्या गळ्यात पडणार म्हणून हा माणूस घरात बसलाय. मग उपाय सरळ होता. खांद्याला मऊ, तरी हातात घेतल्यावर लाज वाटणार नाही, असं काडतूस शोधायचं. कापडात असतं ना तसं, वरून जाडजूड दिसणारं पण अंगाला न बोचणारं. काडतुसांतही असेलच.

म्हणून बुधवारी दुपारी, बटणं आणायला जाते असं सांगून ती निघाली. बसच्या शेवटच्या थांब्यापासून बरंच चालावं लागलं. पत्र्याची लांबट शेड, समोर मोकळं गवत, गवतात फुटक्या बशांचे नारिंगी तुकडे. रविवार नसल्यामुळे चिटपाखरू नव्हतं. शेडच्या कडेला काडतुसांची खिडकी होती आणि खिडकीत एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस वाटाणे सोलत बसला होता.

हा हळूकाका. बारांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो बोलायचा ते शेजारच्या वस्तीत ऐकू जाईल असं. लोक त्याला सारखे हळू हळू म्हणत, तेच नाव पडलं.

"बोला ताई," तो गरजला, आणि तिचा हात सवयीने छातीवर गेला.

"जरा हळू बोला ना."

"हळूच बोलतोय."

"काडतुसं हवी होती. मऊ."

"मऊ?" त्याने वाटाण्यांचं भांडं बाजूला सारलं.

"खांद्याला लागणार नाहीत अशी."

"न लागणारं काडतूस अजून निघायचंय. कमी लागणारं आहे. कुणाला हवंय?"

इथे तिने खरं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. काचवाला म्हटलं की त्याची बंदूक हळूकाकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असती. पण तिला वाटलं, या माणसाच्या कानावर घातलं म्हणजे दवंडीच पिटली. काचवाल्याच्या बायकोने नवऱ्यासाठी पाळण्यातली काडतुसं नेली, हे रविवारच्या आत सगळ्यांच्या तोंडी झालं असतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

"भाच्याला," ती म्हणाली. "नवीनच शिकतोय."

"इथलीच बंदूक घेणार ना?"

"हो हो, इथलीच," तिने ठोकून दिलं.

हळूकाकाने खिडकीच्या फळीवर रंगीबेरंगी काडतुसांची रांग लावली. प्रत्येकाच्या बुडाला पितळेची टोपी, अंगावर बारीक अक्षरं. तो समजावू लागला. ग्रॅमचा आकडा म्हणजे आत छर्ऱ्यांचं वजन किती. अठ्ठावीस जड, चोवीस मध्यम, एकवीस हलकं. जेवढं वजन पुढे जाणार तेवढी बंदूक मागे लाथ मारणार. शिवाय दारू तेज असली की छर्रे वेगाने सुटतात आणि लाथही जोरात बसते. आणि हा शेवटचा नंबर छर्ऱ्याचा. नंबर मोठा तेवढा छर्रा बारीक.

"म्हणजे दोऱ्यासारखं," ती म्हणाली. "मग बारीक छर्ऱ्याचं मऊ लागत असेल."

"छर्रा बशीला लागतो ताई. खांद्याला नाही."

ती थोडी ओशाळली. तरी तिने एकेक काडतूस उचललं आणि अंगठ्याने चोळून बघितलं, कापडाचा पोत बघतात तसं. "हाताला सगळी सारखीच लागतात."

"हाताने कळतच नाही ते. खांद्यालाच कळतं."

"मग द्या बंदूक," ती म्हणाली.

हळूकाकाने तिच्याकडे नीट पाहिलं. केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात, आणि घाईत काढायची राहून गेलेली मापाची टेप अजून मानेभोवती. त्याने आयुष्यात बरेच नवशिके पाहिले होते, पण ही तऱ्हा वेगळी होती. माणूस भला, म्हणून त्याने का म्हणून विचारलं नाही. शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली दोन नळ्यांची दुनळी काढली, तिच्या कानांवर जाड गाद्या चढवल्या, आणि मागचा लाकडी दस्ता खांद्याच्या खोबणीत कसा टेकवायचा ते दाखवलं.

"आधी ती द्या, इथे सगळे जुने लोक घेतात ती," ती म्हणाली. जड काय ते कळल्याशिवाय हलकं कसं कळणार, हा तिचा हिशेब.

पहिला बार झाला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी दार उखडून अंगावर फेकलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातच तिच्या मनात आलं, इतकी वर्षं दर रविवारी हा माणूस हे असलं सोसत होता आणि संध्याकाळी हसत घरी येत होता. तिला त्याचा रागही आला आणि कीवही आली. मग तिने पुढचं काडतूस मागितलं.

हळूकाका दर वेळी दस्ता आत सरकवून द्यायचा, आणि बार काढायच्या क्षणी ती अंग चोरून तो नेमका बाहेर, दंडाच्या हाडावर घ्यायची. तो ओरडून सांगत होता, पण कानांवर गाद्या होत्या. ज्या माणसाचं बोलणं दोन गल्ल्यांना ऐकू जायचं, त्याचं बोलणं एकदा ऐकू यायला हवं होतं तेव्हा आलं नाही. नशीब म्हणतात ते हेच. प्रत्येक प्रकार तिने दोनदा झाडला, कारण एकदाच धुतलेल्या कापडाचा रंग कच्चा की पक्का ते कळत नाही. शेवटी पांढऱ्या रंगाचं, एकवीस ग्रॅमचं, संथ दारूचं काडतूस तिने बाजूला काढलं. त्याची लाथ नव्हती, नुसता धक्का होता. दिसायलाही ते इतरांएवढंच होतं. त्याचे दोन डबे घेऊन, वर बटणं ठेवून, ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी दंड जांभळा झाला. तिने लांब बाह्यांचा सदरा चढवला आणि इस्त्री डाव्या हाताने करायला लागली. दोऱ्याची रिळं वरच्या फळीवर असायची, ती खाली टेबलावर आणून मांडली. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे ती दिवसभर गरजेपेक्षा जास्त बोलत होती. बटणं किती चांगली मिळाली, बसला किती गर्दी होती. काचवाला आपला काचेवर हिऱ्याची लेखणी फिरवत बसला होता. मध्येच त्याने मान वर करून तिच्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा लेखणी फिरवायला लागला.

शुक्रवारी सकाळी चहाबरोबर तिने दोन्ही डबे त्याच्यापुढे ठेवले.

"डॉक्टरांनी सांगितली तसलीच आहेत," ती म्हणाली. "परवा जाऊन या."

त्याने एक काडतूस काढलं, अंगावरची अक्षरं वाचली, उलटं करून बुडाची टोपी बघितली.  आता हा पाळण्यातली म्हणणार, असं वाटून तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

"कुठून आणलीस?"

"मागवली कुणाकडून तरी."

"बरी आहेत," तो म्हणाला, आणि चहा पिऊन, जरा पाय मोकळे करून येतो म्हणून बाहेर पडला. जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "परवा तूही चल."

इतक्या वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. तिचा आनंद पोटात मावेना. हळूकाका ओळखेल ही धास्ती होती, पण नाही म्हणवेना.

रविवारी बेकरीवाला स्कूटर सोडून त्यांच्याबरोबर बसने आला. "वहिनी, तुम्ही येताय म्हणजे आज बशा आपोआप फुटतील," तो म्हणाला. त्याच्या अंगाला नेहमीसारखा भाजलेल्या पिठाचा वास येत होता. मैदानावर शिवणवाली सगळ्यांत मागच्या बाकावर, कानांत कापूस कोंबून बसली. हळूकाकाने खिडकीतून तिला पाहिलं, ओळखलं, आणि मान दुसरीकडे वळवली. हे तिला चमत्कारिक वाटलं, पण बरंही वाटलं.

काचवाल्याची पाळी आली. त्यांच्या खेळात एका बशीला दोन बार मिळायचे. पहिला चुकला तर दुसरा. त्याने बंदूक खांद्याला लावली, हाक दिली. बशी सुटली, वर गेली, कमान करून खाली आली आणि गवतात अख्खी पडली. त्याने बार काढलाच नव्हता. पुन्हा हाक, पुन्हा बशी, तीही अख्खी. टोळक्यात कुजबुज झाली. शिवणवालीने बाकाची कड घट्ट धरली. तिला वाटलं, काडतुसंच खोटी निघाली.

तिसऱ्या बशीला बार झाला. बशी हवेत फुटली आणि तिचा नारिंगी धुरळा खाली आला. बेकरीवाल्याने टाळी वाजवली. काचवाला तसाच उभा राहिला, खांदा जागेवर आहे की नाही याचा अंदाज घेत असावा. मग त्याने बंदुकीकडे बघितलं. रिकामं काडतूस बाहेर पडायला हवं होतं, ते अर्धवट अडकून बसलं होतं. त्याने डाव्या हाताने बाजूचा खटका मागे ओढून ते काढलं आणि पुढचं भरलं. पुन्हा बार, पुन्हा तेच. एखादी बशी चुकली तरी दुसरा बार काढता येत नव्हता, कारण दुसरं काडतूस वर येतच नव्हतं. इतर लोक दोन दोन बार काढत होते, आणि हा एकेक काढून, थांबून, हाताने खटका ओढत होता.

"काय रे, बंदूक म्हातारी झाली का तू?" टोळक्यातून कुणीतरी म्हणालं.

बेकरीवाल्याने आपला डबा पुढे केला. "माझी घे चार. चालतील सुरळीत."

"नको. मला हीच बरी."

शिवणवाली उठली आणि सरळ खिडकीपाशी गेली. हळूकाका वाट बघत असल्यासारखाच उभा होता.

"त्या बंदुकीला काय झालंय?"

"बंदूक ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि प्रयत्न करूनही ते सगळ्या शेडला ऐकू गेलं. "तुम्ही झाडलीत ती दुनळी होती ताई. तिला काही लागत नाही. याची आहे ती आपोआप भरणारी. बाराचाच जोर मागे येतो, त्या जोरावर ती रिकामं फेकते आणि नवीन ओढून घेते. तुमच्या काडतुसात तेवढा जोर नाही. भाच्याला म्हणालात म्हणून दिली मी. याला हवीत म्हणाला असतात तर दिली नसती."

तिचे कान तापले. सगळी माणसं आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं, आणि तशी ती बघतच होती.

"मग यांना कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय, तो बघताक्षणी ओळखणारा. परवा शुक्रवारी आला होता ना. ही कोणी नेली म्हणून विचारत. मी म्हटलं, एक ताई आल्या होत्या, टेपवाल्या, सगळे प्रकार खांद्यावर घेऊन बघितले त्यांनी. म्हटलं, तुझ्या बंदुकीत अडकतील, बदलून देतो. नको म्हणाला."

"का?"

"म्हणाला, तिने निवडलीत."

एवढं मात्र हळूकाका खरोखरच हळू बोलला.

फेरी संपली. किती फुटल्या ते शिवणवालीने पाहिलं नाही. काचवाला बंदूक उघडून, रिकामी करून, कव्हरात घालून आला आणि शेडमागच्या बाकावर तिच्याशेजारी बसला. ती चिडलेली होती, आणि चिडली की ती जमिनीकडे बघून बोलायची.

"शुक्रवारीच सांगायचं की. बदलून आणली असती. सगळ्यांसमोर शोभा झाली तुमची, माझ्या शहाणपणापायी."

"शोभा कसली."

"हसत होते ते."

"हसू दे. त्यांना दुसरं काय काम आहे." मग जरा थांबून तो म्हणाला, "दंड दुखतोय ना अजून?"

तिने बाही खाली ओढून घेतली.

"तू दस्ता दंडावर घेतलास. इस्त्री डाव्या हाताने करायला लागलीस तेव्हाच कळलं. माझाही पहिल्या वर्षी तिथेच काळानिळा व्हायचा." त्याने दोन बोटं तिच्या खांद्याच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, अलगद टेकवली. "इथे घ्यायचा. इथे घेतला असतास तर एवढं लागलं नसतं."

"मला काय करायचंय शिकून. तुम्ही मला हे सांगा, जायचं नव्हतं का तुम्हाला? मी उगीच मागे लागले का? मला वाटलं, हलकी काडतुसं घ्यायची लाज वाटते म्हणून घरी बसताय."

"लाज नव्हती." त्याने गवताकडे बघितलं. तिथे त्याने सोडलेल्या दोन बशा अजून अख्ख्या पडल्या होत्या. "भीती वाटत होती गं. ऑपरेशनच्या आधीचं ते दुखणं आठवायचं. वाटायचं, पहिल्या बाराला पुन्हा सुटेल. हॉर्न वाजला की हाताला घाम यायचा. तुला कसं सांगणार? जन्मभर बंदूक धरली आणि आता बंदुकीलाच घाबरतो, हे काय सांगायचं."

ती जमिनीकडे बघायची थांबली. इतके महिने त्या खांद्याची रोजची रेघ तिने भिंतीवर काढली होती, आणि त्याच माणसाच्या मनात हे चाललेलं तिला दिसलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याने ते आत्ता, तिला सांगितलं, म्हणून भरूनही आलं.

"आजसुद्धा पहिल्या दोन बशांना बोट दाबेना," तो म्हणाला. "मग मनात आलं, कुकरला दचकणारी ही. हिने ते सगळं दंडाच्या हाडावर घेतलं. जड सुद्धा घेतलीस म्हणे."

"घेतली."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले तर. पहिल्याला डोळे मिटूनच घेतले होते."

"मग पहिल्यानंतर थांबली का नाहीस?"

"थांबून कसं चाललं असतं? एकाच काडतुसावरून तुम्हाला कुठलं सोसेल ते कसं कळणार?"

 काचवाल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला. मग त्याने उजवा हात उचलला, तिच्या पाठीमागून नेला आणि तिच्या दुखऱ्या दंडावर भार पडणार नाही असा हलकेच टेकवला. शेडमधून हळूकाकाने पुढच्या फेरीसाठी हाक मारली. शिकणाऱ्यांची दुनळी घे आणि ये, तुझी काडतुसं तिच्यात चालतील, असं तो ओरडत होता. "येतो, येतो," काचवाला म्हणाला, पण हात काढून घ्यायची त्याला घाई नव्हती, आणि तिलाही नव्हती.